एम.सी.जी.ची प्रदक्षिणा

पुण्या-मुंबईचे पाहुणे मेलबर्नला आले की त्यांना एम.सी.जी. दाखवावंच लागतं. त्यांच्या डोक्यात अर्थातच क्रिकेट असतं. १९८१ साली गावसकर चेतन चौहानला घेऊन तावातावाने बाहेर निघाला होता ते मैदान बघायचं असतं, ब्रॅडमनच्या पुतळ्याशेजारी फोटो काढायचा असतो. आम्ही ते सगळं होऊ देतो आणि मग त्यांना बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घालायला लावतो. कारण बाकीचे बरेचसे पुतळे 'फुटी'वाल्यांचे आहेत, आणि आमच्या घरातला खरा वाद तिथे सुरू होतो: यातला सर्वांत मोठा कोण?

या प्रदक्षिणेला शेजारचे आजोबा बरोबर असले तर मजा वाढते. वय वर्षे शहाऐंशी, जन्मापासून एसेंडनचे वारकरी. त्यांना दुसरा देव नाही.

पहिला थांबा टॉम विल्स. हा मूळचा क्रिकेटपटू. हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांचं अंग आखडू नये म्हणून काहीतरी खेळ काढा, असं पत्र त्याने १८५८ साली लिहिलं आणि पुढच्या वर्षी या खेळाचे नियम कागदावर आले. पुतळ्यात तो दोन शाळांच्या सामन्यात पंच म्हणून उभा आहे. म्हणजे फुटी हे क्रिकेटचंच धाकटं भावंड, हे पाहुण्यांना सांगितलं की ते जरा सैलावतात.

पुढे हेडन बंटन आणि डिक रेनल्ड्स. दोघांनीही १९३० च्या दशकात तीन-तीन ब्राउनलो पदकं मिळवली. त्या काळी सामन्यामागे तीन पौंडांपेक्षा जास्त मानधन द्यायचं नाही असा कायदा होता आणि तो मोडल्याच्या आरोपावरून बंटनचा १९३० चा अख्खा मोसम बुडाला. पोटासाठी आठवडाभर नोकरी, शनिवारी चिखलात खेळ. बदली खेळाडू एकच, आणि एकदा बाहेर आलेला परत आत जाऊ शकत नसे. हवं तेव्हा आत-बाहेर करण्याची सोय १९७८ साली आली आणि पुढे ती इतकी बोकाळली की २०२१ साली सामन्याला ७५ अदलाबदलींची मर्यादा घालावी लागली. दर दहा मिनिटांनी श्वास घ्यायला बाकावर येणाऱ्याची तुलना बंटनशी कशी करायची? गावसकर हेल्मेट न घालता खेळला, हा मुद्दा आपल्या घरोघरी सचिनच्या चाहत्यांपुढे ठेवला जातो, तसंच हे.

पदकं मोजावीत तर ली मॅथ्यूज आडवा येतो. ३३२ सामने, ९१५ गोल, हॉथॉर्नकडून चार अजिंक्यपदं, आणि ब्राउनलो एकही नाही! एकदा धावता धावता गोलपोस्टशेजारचा खांब याच्या धडकेने मोडला होता. पण १९८५ साली त्याने चेंडू जवळपास नसताना प्रतिस्पर्ध्याचा जबडा मोडला आणि त्याची नोंदणी चार आठवड्यांसाठी रद्द झाली, हेही त्याच हिशेबात धरायला हवं. खेळाडू एकमेकांच्या मतांनी दरवर्षी जो सर्वोत्तम निवडतात त्याच्या करंडकाला आज मॅथ्यूजचं नाव आहे. पंचांचं पारडं एक, खेळाडूंचं दुसरं.

मग जॉन कोलमन येतो आणि आजोबा टोपी काढतात.

१९४९ साली पहिल्याच सामन्यात बारा गोल. त्याच मोसमात शंभर, आणि शंभरावा अंतिम सामन्यात. १९५४ साली एका शनिवारी चौदा गोल केले. पुढच्या शनिवारी गुडघा निखळला, संपलं. वय पंचवीस. आजोबा तेव्हा मुलांच्या घोळक्यात कुंपणाला लटकून बघत. "तो उडाला की आमचे श्वास थांबायचे," एवढंच सांगतात आणि पुढे चालू लागतात.

आम्ही इंजिनियर, आम्हाला श्वास पुरत नाहीत, भागाकार लागतो. कोलमन ९८ सामन्यांत ५३७ गोल, सरासरी ५.४८. टोनी लॉकेटचे सर्वाधिक १३६०, पण सामने २८१, म्हणजे ४.८४. लान्स फ्रँकलिन १०६६ गोल, ३५४ सामने, सरासरी तीन. मग फ्रँकलिन निम्मा खेळाडू का? मुळीच नाही. आता सगळा संघ मागे येऊन गर्दी करतो, पुढच्या एकट्याला मोकळी जागा मिळत नाही. २००८ साली फ्रँकलिननेच केलेल्या शतकानंतर २०२५ च्या मोसमापर्यंत कोणालाही शंभर गोल जमले नाहीत. शिवाय भागाकारानेच ठरवायचं तर पीटर हडसन ५.६४ ने कोलमनच्याही पुढे आहे. हे आकडे आजोबांना सांगण्याची आमची हिंमत नाही.

आमच्या सौ. चं मत रॉन बरासीला. वडील १९४१ साली तोब्रुकला पडले. हा वाढला तो पुढे प्रशिक्षक नॉर्म स्मिथच्या घरामागच्या खोलीत. खेळाडू म्हणून सहा अजिंक्यपदं. १९७० च्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक म्हणून मध्यंतराला ४४ गुणांनी मागे असलेल्या कार्लटनला 'हॅण्डबॉल करा, हॅण्डबॉल करा' म्हणत त्याने जिंकवलं. पाहायला १,२१,६९६ माणसं याच मैदानात होती.

पण त्या हॅण्डबॉलचा बाप कोण? आमचा कौल तिथे, ग्रॅहम 'पॉली' फार्मरला. पर्थचा आदिवासी नूंगर मुलगा, अनाथाश्रमात वाढला. त्याआधी हाताने चेंडू देणं म्हणजे लाथ मारता आली नाही तर सुटकेचा मार्ग. फार्मरने त्याचं हत्यार केलं. कामाच्या ठिकाणी उभ्या मोटारींच्या उघड्या खिडक्यांतून चेंडू मारून सराव करायचा. १९६२ साली जिलाँगला आला, पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला, आणि १९६३ ला संघाला अजिंक्यपद. कोलमनसारखं पुन्हा कोणाला जमलं नाही. फार्मरचं मात्र आज दहा वर्षांची पोरंसुद्धा करतात. आमच्या मते मोठेपण यात जास्त आहे. आजोबांना ते मान्य नाही. ("मग चाकाचा शोध लावणाऱ्याला मोटार शर्यतीचं बक्षीस द्या!")

अकरा वर्षांच्या आमच्या कन्येला यातलं कोणीच नको. तिची एरिन फिलिप्स. २०१७ मध्ये सुरू झालेल्या बायकांच्या लीगमध्ये दोनदा सर्वोत्तम ठरलेली. २०१९ च्या अंतिम सामन्यात गुडघा गेला, तेव्हा ॲडलेडला ५३,०३४ प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कन्येलाही क्लबात जायचंय. इथे प्रदक्षिणा घरात शिरते. कारण फार्मर २०१९ साली वारला आणि दुसऱ्या वर्षी कळलं की डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा मेंदूचा आजार त्याला होता. या लीगच्या खेळाडूंत निदान झालेला तो पहिला. ज्याला आम्ही सर्वांत मोठा म्हणतो त्याचंच हे, म्हटल्यावर सौ. ने नोंदणीचा फॉर्म उचलून कपाटात ठेवला.

तीन आठवडे घरात चर्चा. आता मोठ्या लीगमध्ये डोक्याला मार बसला की किमान बारा दिवस मैदान बंद, मुद्दाम डोक्यावर गेलं तर बंदी; मॅथ्यूजच्या काळासारखं राहिलेलं नाही, हे आम्ही मांडलं. आजोबा म्हणाले, गुडघ्याची काळजी करा. शेवटी फॉर्म भरला, पण सौ. च्या अटीवर: मार लागला की खेळायचं की नाही हे डॉक्टर सांगणार, प्रशिक्षक नाही आणि बाबा तर नाहीच.

शनिवारी दुपारी आता आमची जुनी टोयोटा दोन्हीकडच्या काचा खाली करून अंगणात उभी असते. दहातले चार चेंडू आरपार जातात.