राजाचा कंगवा शोधत बंगळूरभर

एप्रिलच्या घामेजल्या मुंबईतून सुटून उद्यान एक्स्प्रेसनं बंगळूरला उतरलं, की पहिल्यांदा जाणवते ती हवा. शहर समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंच. उन्हं इथंही तापतात, पण सावलीत शिरलं की जीव थंडावतो. गोऱ्या साहेबानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला छावणीसाठी ही जागा निवडली ती उगीच नव्हे. बंगले, बागा, गुलाबाची झाडं आणि पायाशी घुटमळणारं विलायती कुत्रं, असा सगळा थाट त्याच्याबरोबर इथं आला.

माझी मावशी मल्लेश्वरममध्ये राहते. या खेपेला दार उघडलं ते मावशीनं, पण आधी बाहेर आलं एक लांबोडकं तोंड आणि मागून सोनेरी-पांढऱ्या केसांचा ढीग! हा राजा. जात रफ कॉली. 'लॅसी'चे सिनेमे आठवत असतील तर तीच जात. पहिला 1943 सालचा. मूळचा स्कॉटलंडच्या थंड डोंगरांतला, मेंढ्या राखणारा. माझा मावसभाऊ नोकरीसाठी अमेरिकेला गेला आणि राजा सत्तरीच्या मावशी-काकांकडे राहिला.

"अगं, आम्ही दोघं आमच्याच गुडघ्यांना तेल चोळतो. याचे केस कोण विंचरणार?" मावशी म्हणाली.

हात फिरवला तर वरून रेशीम, आणि आत दगड. कानांमागे, पुढच्या पायांच्या बगलेत, मांड्यांवर केसांच्या जटा झालेल्या. उजव्या कानामागे एक ओली, लालसर जखम. गोचिडं होती ती वेगळीच. काकांचा निर्णय झाला होता. "सरळ भादरून टाकू. उन्हाळ्यात त्यालाही बरं वाटेल."

मी म्हटलं, आधी बाजार तरी बघू.

मल्लेश्वरमचा आठवा क्रॉस म्हणजे आपल्या दादरच्या रानडे रोडचा चुलतभाऊ. फुलं, भांडी, साड्या, पूजेचं साहित्य. माणसांचे कंगवे शंभर प्रकारचे, कुत्र्यांचा एकही नाही. राजाला पाहून मोगरा विकणाऱ्या बाईंनी हा सिंह आहे का, असं विचारलं तेव्हा मावशीला कोण अभिमान! मग राजाला घरी ठेवून रिक्षानं शिवाजीनगर गाठलं. शहाजीराजांची जहागीर असलेल्या या शहरात ते नाव वाचून बरं वाटतंच. इथलं रसेल मार्केट 1927 सालचं. 2012 मध्ये त्याला मोठी आग लागली होती, पण बाजार पुन्हा उभा राहिला. भाजी, फळं, मासळी, आणि आसपास पाळीव प्राण्यांची दुकानं.

एका दुकानात आमचं जंगी स्वागत झालं. गुलाबी मुठीचा ब्रश, अत्तराची बाटली, चमचमता पट्टा, चकचकीत साखळी, रिबिनी. किंमत ऐकून मावशी म्हणाली, एवढ्यात माझा महिन्याचा भाजीपाला येतो. तरीही ब्रश आणि साखळी घेतलीच. गोचिडांचा विषय निघताच दुकानदारानं उपाय सांगितला: ओळखीचा माणूस घरी येतो, एक इंजेक्शन देतो, काम साफ. औषधाचं नाव त्यानं चिठ्ठीवर लिहून दिलं आणि मावशीनं पत्ताही देऊन टाकला.

घरी आल्यावर कळलं, ब्रश नुसता वरवर फिरतो. केस चकाकतात, जट जागची हलत नाही. जखमेमुळे दुसऱ्या दिवशी पशुवैद्याकडे जाणं भागच होतं. बाईंनी राजाला टेबलावर घेतलं, जखमेभोवतालचे तेवढे केस कापले, औषध लावलं. मी सहज ती चिठ्ठी पुढे केली. आयव्हरमेक्टिन. वाचताच बाईंचा चेहरा बदलला.

"दिलं नाहीत ना?"

कॉलीच्या जातीत पुष्कळ कुत्र्यांत एका जनुकाचा दोष असतो. 2001 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी तो शोधून काढला. एरवी मेंदूबाहेर अडवलं जाणारं हे औषध अशा कुत्र्यांच्या मेंदूत शिरतं. कीड मारण्यासाठी देतात त्या मात्रेत झोकांड्या, झटके, बेशुद्धी आणि प्रसंगी मृत्यूही. शेजारच्या लॅब्रॅडॉरला जे चाललं, ते राजाला चालेलच असं नाही. काकांनी तिथूनच दुकानाला फोन लावला आणि त्या माणसाला पाठवू नका म्हणून दोनदा बजावलं.

भादरण्यालाही बाईंनी साफ नकार दिला. या कुत्र्यांच्या अंगावर दोन थर असतात: वर लांब राठ केस, आत मऊ दाट लव. विंचरलेली असली की त्यातून हवा खेळते आणि वरच्या केसांमुळे ऊन कातडीपर्यंत पोचत नाही. मुळापासून भादरलं तर केस परत नीट येतीलच याची खात्री नाही. उकडतं ते केसांनी नव्हे, आत साचलेल्या मेलेल्या लवेनं!

मग खरी यादी झाली, आणि ती निम्मीच निघाली. लांब तारांचा, मऊ गादीचा एक ब्रश. बारीक आणि विरळ असे दोन्ही दाते असलेला पोलादी कंगवा; बाईंच्या मते पैसे खर्च करायचेच तर इथं, कारण तोच मुळापर्यंत पोचतो. आतली लव काढायला दाताळं. ते मुख्यतः वर्षातून दोनदा, केस झडतात तेव्हा. पाण्याची फवारणी करायची बाटली घरातलीच चालेल, कारण कोरडे केस विंचरले तर तुटतात. शांपू कुत्र्यांचाच हवा, आपली कातडी आणि त्यांची वेगळी. चमचमता पट्टा बाद. मानेच्या आयाळीत गुंता होऊ नये म्हणून गोल शिवलेला चामड्याचा पट्टा. साखळीत केस अडकून तुटतात, त्याऐवजी सुती दोरी. गोचिडांसाठी त्यांनी या जातीला चालणारं दुसरं औषध लिहून दिलं. आणि चिमटा.

कंगवा अखेर कमर्शियल स्ट्रीटच्या एका बोळातल्या छोट्या दुकानात मिळाला.

त्या संध्याकाळी ओटीवर सतरंजी अंथरली. डाव्या हातानं केस वर धरायचे, खालची एक ओळ सोडायची, कातडीपासून टोकाकडे विंचरायचं, मग पुढची ओळ. जट बोटांनी सोडवायची, ओढायची नाही. आणि हे सगळं आंघोळीच्या आधी. जट भिजली की आणखी घट्ट आवळते. पहिल्या दिवशी एक मांडी झाली. राजा कुरकुरला, मग झोपला. चौथ्या दिवशी सतरंजीवर दुसरं कुत्रं होईल एवढी लव पडली होती.

दख्खनच्या धनगरांची कुत्री आठवली. मेंढीची लोकर घोंगडीला, आणि राखणदाराच्या अंगावर आखूड केस. या हवेला तेच शहाणपणाचं. पण राजा आता इथला झालाय, त्याला परत स्कॉटलंडला कोण धाडणार?

रविवारी सकाळी कबन पार्कात गेलो. 1870 मधली ही बाग. रविवारी आत गाड्यांना बंदी. बांबूच्या बनापाशी हरतऱ्हेची कुत्री आपापल्या माणसांना फिरवत होती. मावशीनं आठवड्याचा बेत तिथंच बाकावर ठरवला: दोन दिवसांआड अर्धा तास, कान आणि बगला रोज. पंजांच्या बोटांमधलं काकांकडे, त्यांचा चष्मा चांगला आहे म्हणून.

मी परतल्यावर आठवडाभरानं तिचा फोन आला. भावानं अमेरिकेहून व्हिडिओवर राजाला पाहिलं आणि कुठल्या पार्लरला नेलं होतंस म्हणून विचारलं.

"काय सांगितलंस?"

"ओटीवरच्या. आणि हे बघ, तो कंगवा आणखी एक आण. तुझे काका याच कंगव्यानं आपले केस विंचरताना सापडले."