आईचा गोळ्यांचा डबा

आईच्या गोळ्या बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असायच्या. आम्हाला ताप आला की ती पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून चुरायची आणि मधात कालवून जिभेवर ठेवायची. मध आधी लागायचा, कडूपणा मागून येऊन घशात रेंगाळायचा. घाम फुटला की कपाळावर हात ठेवून म्हणायची, "उतरला गं."

माझ्या लेकीला ताप आला तेव्हा डॉक्टरांनी आधी तिचं वजन केलं. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. आयुष्यभर अंदाजानं अर्धी गोळी देत आलेली आई ते ऐकून गप्पच झाली.

दोन वर्षांपूर्वी आई तापानं पडली. तिसऱ्या संध्याकाळी मी तो डबा उघडला. आत गोळ्यांचे नुसते कापलेले तुकडे. सुट्या गोळ्या देताना दुकानदाराची कात्री नेमकी नावावरून फिरलेली. तुकडे घेऊन औषधाच्या दुकानात गेले, तिथे अख्ख्या पाकिटांशी जुळवून पाहिले. दिवसभरात आईनं तापाची ६५० ची गोळी चार वेळा घेतली होती, सर्दीची तीन वेळा, गुडघेदुखीची दोनदा. तिन्हींत पॅरासिटामॉल! बेरीज ४७५० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची २४ तासांची कमाल मर्यादा ४०००, आणि आई तर काडीसारखी.

पॅरासिटामॉलची गोळी मुख्यतः मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं कमी करते, म्हणून ताप उतरतो, दुखणं थांबतं. आजार मात्र आपल्या जागी असतो. पुढचं काम यकृताचं. गोळीचा थोडा भाग तिथे विषारी होतो आणि ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला निकामी करतं. गोळ्या जास्त झाल्या की ग्लुटाथायोन संपतं आणि ते विष यकृताच्याच पेशी मारू लागतं. भीती याची, की पहिल्या दिवशी माणसाला फारसं काही जाणवतही नाही. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण एकदम जास्त गोळ्या गेल्या असतील तर तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सर्वांत चांगला.

त्याच रात्री आईला दवाखान्यात नेलं. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला आणि मी कॉरिडॉरमध्ये बसून रडले.

ही गोळी मला आजही भरवशाची वाटते. डेंग्यूची शंका असेल तेव्हा डॉक्टर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळून हीच देतात. पण दोन गोळ्यांत चार ते सहा तासांचं अंतर हवं, आणि सर्दीच्या, अंगदुखीच्या प्रत्येक गोळीत पॅरासिटामॉल आहे का, हे वाचायला हवं. त्यासाठी घरात पाकीट अख्खं आणा. सुट्याच घ्यायच्या असतील, तर नाव आणि तारीख असलेला तुकडा मागून घ्या.