फेरीधक्क्यावरचा दगड

गोव्याहून परतलं की लोक विचारतात, "कुठकुठले बीच पाहिले?" आम्ही या वेळी बीच थोडे आणि फेरीबोटीचे धक्के जास्त पाहिले. त्यातल्या पेडण्याच्या केरी धक्क्यावर आमची गाडी नदीत जाता जाता वाचली. गाडीत आत्या बसलेली होती. चूक सर्वस्वी माझी होती आणि ती तुमच्यापैकी कुणाकडून होऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

डिसेंबरात आम्ही डिचोलीला मावसभावाकडे उतरलो होतो. आत्याला रेडीच्या गणपतीचं दर्शन घ्यायचं होतं. आरोंद्याच्या पुलावरून सरळ रस्ता आहे, पण मावसभाऊ म्हणाला, "केरीहून फेरीने जा, तेरेखोलचा किल्लाही होईल." तेरेखोल नदी म्हणजे गोव्याची उत्तर सीमा. गंमत अशी, की नदीपलीकडचा किल्ला आणि त्याला लागून असलेलं चिमुकलं गाव तेवढं गोव्यात, बाकी सगळा सिंधुदुर्ग. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतला. पुढे १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला.

केरीला सुरूच्या झाडांमधून रस्ता नदीकडे येतो आणि थेट पाण्यात उतरतो. फेरीबोट येते, पुढची लोखंडी फळी त्या उतारावर टेकवते आणि गाड्या आत शिरतात. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. बोट पैलतीरावर होती आणि रांगेत पहिली गाडी आमची. उतारावर पुढे नेऊन, नाक नदीकडे करून मी ती उभी केली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि सवयीप्रमाणे गिअर न्यूट्रलला टाकला. सौ. आणि मुलगा उतरले. आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून ती मागच्या सीटवर नारळाची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. मी किल्ल्याचा फोटो काढायला चार पावलं बाजूला गेलो.

मागून ओरडा ऐकू आला, "फातर घाल रे, फातर! बेगीन!"

वळून पाहतो तर गाडी निघालेली. आवाज नाही, घाई नाही, एखादी म्हैस पाण्यात उतरावी तशी सावकाश. मी धावत जाऊन बॉनेटला हात लावला. तेवढ्यात कुणीतरी मला दंडाला धरून बाजूला ओढलं, "मुखार रावूं नाका!" स्कूटरवरच्या एका गृहस्थाने चिऱ्याचा भलामोठा तुकडा पुढच्या चाकाखाली सरकवला. गाडी त्यावर किंचित चढली आणि थांबली. चार-पाच जणांनी ती मागून धरून ठेवली. पुढची चाकं हिरव्या शेवाळाच्या पट्ट्यापर्यंत पोचली होती. मी थरथरत मागचं दार उघडलं. आत्या म्हणाली, "आली का रे फेरी?"

त्या गृहस्थांनी नावही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "हँडब्रेकार विश्वास दवरूं नाका."

त्या रात्री झोप लागली नाही. काचा बंद होत्या, मुलगा लहान असताना लावलेलं चाइल्ड लॉक तसंच होतं. गाडी पाण्यात गेली असती, तर आत्याला आतून दार उघडताच आलं नसतं.

मावसभाऊ गॅरेजवाला. त्याने कागदावर चित्र काढून समजावलं. हँडब्रेक सहसा फक्त मागची चाकं धरतो. नाक उताराकडे असलं की गाडीचा भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात आणि त्यांची पकड कमी होते. आठ फुटांना एक फूट असा उतार धरला, तर हजार किलोची गाडी सुमारे सव्वाशे किलोच्या जोराने खाली ओढली जाते. त्यात भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा भिजणाऱ्या भागावर शेवाळ धरतं. तिथे ब्रेक पक्के लागूनही चाकं न फिरता घसरतात. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात हौशी मंडळी गाडीला ट्रेलर जोडून आपली होडी अशाच उतारावरून पाण्यात सोडतात. तिथेही होडी सोडायला गेलेली गाडीच पाण्यात जाते, आणि कारणं हीच : न्यूट्रल, विसरलेला ब्रेक, शेवाळ.

दुसऱ्या दिवशी डिचोलीजवळच्या नार्व्याला गेलो. तिथलं सप्तकोटेश्वर हे कदंबांचं कुलदैवत. मूळ देऊळ पलीकडे दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगिजांनी ते पाडल्यावर सोळाव्या शतकात लिंग नदी ओलांडून इकडे आणलं गेलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. दर्शन झाल्यावर दिवाडीला जायला धक्क्यावर आलो. या वेळी गाडी उताराच्या वर सपाटीला उभी केली. आत्या माझा हात धरून पायी बोटीत चढली. बोट सुटल्यावर ती बेटाकडे बघत म्हणाली, "देवालासुद्धा माणसांनीच पार नेलं, आपली काय कथा!"

तर मंडळी, गोव्यात फेरीने जाणार असाल तर एवढं कराच. बोट लागेपर्यंत गाडी सपाटीला ठेवा. उतारावर थांबावंच लागलं तर हँडब्रेकबरोबर गिअरही टाका : नाक खाली असेल तर रिव्हर्स, वर असेल तर पहिला. चाकाला दगडाची उटी लावा. चालक सोडून सगळ्यांना, विशेषतः म्हाताऱ्यांना आणि मुलांना, आधी उतरवा. काचा खाली, चाइल्ड लॉक बंद. गाडी सुटलीच तर तिच्यासमोर जाऊ नका. पाण्यात गेलीच तर दाराशी झटू नका, पट्टा सोडून लगेच खिडकीतून बाहेर पडा. पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही आणि वीज गेली की काचाही उतरत नाहीत. रात्री मोबाइलच्या नकाशावर विसंबू नका. फेरीची वाट त्यात रस्त्यासारखीच पुढे जाताना दिसते.

आमच्या डिकीत आता स्टेपनीशेजारी लाकडाचा एक त्रिकोणी ठोकळा असतो. आत्याने त्याला कुंकू लावलंय.