सही जुळत नाही

गेली एकोणीस वर्षं मी बँकेत सह्या तपासतो आहे. कार्डावरच्या नमुना सहीतला 'र' आखडून उभा आणि चेकवरचा 'र' पाय पसरून बसलेला दिसला, की चेक परत! थरथरत्या हाताच्या एका पेन्शनर आजोबांना तर मी एकाच महिन्यात तीनदा परत पाठवलं होतं. त्यांचा तळतळाट मला भोवला, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत. माझ्या मते भोवली ती धुळवड.

सोसायटीचा जिना ओला होता. पडताना माणूस तोंड वाचवायला हात पुढे करतो. सगळा देह उजव्या तळव्यावर आला, मनगट पार मागे वाकलं आणि आत काहीतरी 'कट्' झालं. डॉक्टरांनी अंगठा ताणायला लावला आणि त्याच्या मुळाशी पडलेल्या खळग्यात बोट दाबलं. मी किंचाळलो.

"या खळग्याला आम्ही तपकिरीची डबी म्हणतो," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

आमचे आजोबा त्याच खळग्यात चिमूट ठेवून ओढत. पण त्यांना फक्त शिंका आल्या.

एक्स-रेत काही दिसेना. "हे हाड पहिल्या फोटोत कधीकधी लपतं. तात्पुरतं प्लास्टर घालतो, दहा-बारा दिवसांनी पुन्हा या." पण तेवढ्यात मार्चअखेर आली. मार्चअखेरीला बँकेच्या माणसाला मरायलाही रजा नसते. प्लास्टर मीच भिजवून काढलं आणि डॉक्टरांकडे गेलो तो थेट मे महिन्यात.

आता फोटोत फट स्वच्छ दिसत होती. मनगटात आठ हाडं, चार-चारांच्या दोन रांगा. त्यातलं हे नावेच्या आकाराचं हाड दोन्ही रांगांना सांधून धरतं. म्हणजे वरचे साहेब आणि समोरचे खातेदार यांच्यामध्ये चेंगरणारा कारकूनच की! मला त्या हाडाविषयी जिव्हाळा वाटू लागला. पण पुढचं ऐकून घाम फुटला. या हाडाला बहुतेक रक्त बोटांकडच्या बाजूने मिळतं आणि तिथून ते उलटं कोपराच्या दिशेला येतं. मध्येच मोडलं, की मागच्या तुकड्याची रसद तुटते. तो जुळायला वेळ लावतो, कधी मरतोसुद्धा.

"मग हात?"

"दुखत राहील, सांधा झिजेल. स्क्रू घालू या."

हा स्क्रू सिडनीचे सर्जन टिमोथी हर्बर्ट यांचा. १९८४ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्याला डोकं नसतं, कारण डोकं वर राहिलं तर सांध्यात घासेल. बिनडोक असून कामाला येणारा प्रकार मी प्रथमच पाहत होतो. आटे दोन्ही टोकांना, पण पुढचे विरळ, मागचे दाट. प्रत्येक फेऱ्याला पुढचं टोक जास्त सरकतं, मागचं कमी. तेवढ्या फरकाने पुढचा तुकडा मागच्याकडे ओढला जातो आणि फट मिटते. बी.कॉम. माणसाला हे लगेच पटलं. ठेवीवर व्याज कमी, कर्जावर जास्त. आमची बँकही अशा फरकावरच उभी आहे.

ऑपरेशन झालं. स्क्रू आतच राहिला. काही महिन्यांनी डॉक्टरांनी फोटो पाहून "जुळलं" म्हटलं, आणि मी ऐटीत स्वतःच्या खात्याचा चेक लिहिला. शेजारच्या टेबलावरून तो परत आला.

"राग मानू नका हं. सही जुळत नाही."

हाड जुळलं होतं, सही जुळत नव्हती! मी कार्डावरचा माझाच 'र' पाहिला. तो दुसऱ्याच कुणा माणसाचा वाटत होता. मग ते आजोबा आठवले.

एक तारखेला ते आले. चेक धरूनच ते म्हणाले, "आज परत पाठवू नका हो." मी त्यांना खुर्ची दिली, नवं कार्ड पुढे ठेवलं आणि म्हटलं, "बसा. सावकाश करा." त्यांनी सावकाश सही केली. तिच्याखाली मी 'माझ्यासमक्ष केली' असा शेरा मारला आणि माझी सही ठोकली.

तीही जुळत नव्हती.