पाठलाग आणि पाठराखण

मराठीत 'पाठ' या एका अवयवाभोवती शब्दांचे मोठे गोत जमले आहे. पाठीशी उभे राहणे, पाठ फिरवणे, पाठ न सोडणे, पाठराखण, पाठलाग. यांतले शेवटचे दोन शब्द पाहिले तर दोहोंतले चित्र एकच आहे: एक माणूस पुढे चालला आहे आणि दुसरा त्याच्या मागे. अर्थ मात्र दोन टोकांचे. हा फरक मी वर्गात अनेक वर्षे शिकवला. तो मला कळला मात्र सायकलवर, आणि तोही स्वतःच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

गोष्ट 1990 नंतरच्या दशकातली. मी चंद्रपुरात राहत असे आणि मूलच्या रस्त्यावरील एका गावात शिकवायला जात असे. लोहारा मागे पडले की हा रस्ता जंगलात शिरतो. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, मध्येच एखादे गाव, धानाची शेते, पुन्हा जंगल. सकाळ-संध्याकाळ या रस्त्यावर सायकलींची वर्दळ असे: दूधवाले, बांधकामावर जाणारे मजूर, सरपणाच्या मोळ्या आणणारी माणसे, शाळकरी मुले. यांतल्या बहुतेकांची नावे मला कधीच कळली नाहीत. पण कोणाची साखळी कुरकुरते आणि कोणाचे मागचे चाक लचकते, हे मी डोळे मिटून सांगू शकलो असतो, कारण मी त्यांच्या मागे राहून प्रवास करीत असे.

मागे राहण्यात फायदा होता. मे महिन्यातल्या तापलेल्या वाऱ्यात दोन मोठे कॅन लटकवलेला दूधवाला पुढे असला, की त्याच्या आडोशाला पायडल हलके लागे. शर्यतीतल्या सायकलपटूंनी याचेच शास्त्र केले आहे. पुढच्याच्या चाकाला जवळजवळ चिकटून वेगाने जाणाऱ्या स्वाराला वाऱ्याचा विरोध साधारण एक तृतीयांशाने कमी लागतो. नेदरलँड्समधील आइंडहोवन येथील संशोधकांनी 2018 मध्ये 121 स्वारांच्या जथ्याचा अभ्यास केला, तेव्हा जथ्याच्या पोटात दडलेल्या स्वाराला एकट्या स्वाराच्या मानाने अवघा 5 ते 10 टक्के विरोध लागतो असे त्यांना आढळले. आमच्या गतीला हे आकडे लागू पडत नाहीत, पण उन्हाळ्यातल्या समोरच्या वाऱ्यात थोडाही आडोसा पुरे होतो.

हा फायदा उसना असतो, म्हणून त्याला रीत आहे. शर्यतीत आळीपाळीने पुढे यावे लागते. जो कधीच पुढे येत नाही, त्याला फ्रेंच सायकलपटू 'चाक चोखणारा' असे नाव ठेवतात. पुढच्याने खड्डा हाताने दाखवायचा आणि अचानक ब्रेक लावायचा नाही. मागच्याने आपले पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवायचे नाही, कारण चाकांचा स्पर्श झाला तर बहुधा मागचाच आडवा होतो. आमच्या रस्त्यावर हे नियम कोणी लिहिले नव्हते, पण पाळले जात. दूधवाला खड्डा आला की डावा हात मागे हलवी. मी चढावर पुढे होई. गाव आले की तो आपल्या वाटेने वळे. आम्ही एकमेकांशी चार शब्दही बोललो नसू.

दिवसा हे मौन पुरत असे. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन याने 1963 साली सार्वजनिक ठिकाणच्या वागणुकीवर लिहिताना शहरातल्या अनोळखी माणसांच्या अशा मूक कराराचे वर्णन केले आहे. क्षणभर पाहून घ्यायचे, समोरचा आहे याची दखल घ्यायची आणि मग नजर काढून घ्यायची. 'सभ्य दुर्लक्ष' असे त्याला म्हणता येईल. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला हीच सभ्यतेची पराकाष्ठा वाटत होती.

संध्याकाळी मात्र रस्त्याची रीत पालटत असे. जंगल सुरू होण्याआधीच्या टपरीवर लोक थांबत, कोणी तरी येईल म्हणून. "चालता का, भाऊ?" एवढेच विचारायचे आणि निघायचे. एकाच्या डायनॅमोच्या उजेडात तिघे जात. वाटेत कोणी गाठला, तर त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी खाकरायचे, घंटी वाजवायची किंवा उगाच हाळी द्यायची. परक्याच्या अंगणात पाऊल टाकण्याआधी खाकरावे, तसेच हे. मला हा खेडवळ गोंगाट वाटे.

नोव्हेंबर होता. धानाची कापणी चालू होती. उत्तरपत्रिका तपासता तपासता मला उशीर झाला आणि टपरीवर पोहोचलो तेव्हा तिथे कोणी नव्हते. त्या आठवड्यात वाघ दिसल्याची बोलवा होती. माझ्या सायकलला दिवा नव्हता. निघालो तर थोड्या अंतरावर पुढे एक सायकल दिसली. बाई होती, कॅरिअरवर बोचके बांधलेले. माझ्या जिवात जीव आला. जोर लावून मी तिला गाठले आणि दोन हात अंतर ठेवून मागे राहिलो. बोललो नाही. अनोळखी बाईशी अंधारात बोलणे असभ्यपणाचे, असे माझे संस्कार सांगत होते.

तिने वेग वाढवला. मागे एकटा पडेन या भीतीने मीही वाढवला. तिने कमी केला. पुढे जाऊन एकटा पडण्याची माझी छाती नव्हती, म्हणून मीही कमी केला. असे दोनतीनदा झाले. मग ती एकदम उतरली, सायकल आमच्या दोघांच्या मध्ये आडवी धरली आणि बोचक्यातून विळा काढला.

"एक तं समोर व्हा, नाही तं मागं ऱ्हा. पन असं मुक्यानं नोका येऊ."

मी जे खरे होते ते सांगितले, की मला वाघाची भीती वाटते आहे. तिने मला खालून वर पाहिले. विळा लगेच आत ठेवला नाही.

"मंग तसं सांगाव ना, भाऊ. बाजूनं चला अन् बोलत चला. वाघालेबी आयकू येते अन् मलेबी."

तिच्या गावाच्या फाट्यापर्यंत मी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही, बहुधा परीक्षा आणि पावसाविषयी. 'भाऊ' हा शब्द तिने दुसऱ्या वाक्यात वापरला, पहिल्यात नव्हता, हे मात्र घरी आल्यावर लक्षात आले आणि बराच वेळ झोप लागली नाही. मला वाघाची भीती होती. तिला वाघाची होतीच, वर माझीही होती. मी माझ्या मनात तिच्या सोबतीने चाललो होतो. तिच्या कानांनी ऐकले तर तो पाठलाग होता, आणि दोहोंत फरक करायला मी एक शब्दही तिच्या हाती दिला नव्हता.

सुंदरबनात 1986 च्या सुमारास जंगलात जाणाऱ्या लोकांना डोक्याच्या मागच्या बाजूला लावायला मुखवटे दिले गेले, कारण वाघ बहुधा पाठीमागून येतो. पाठीला डोळे नसतात, ही माणसाची जुनी अडचण आहे. मागून येणाऱ्याला पुढचा दिसतो. पुढच्याला मागचा नुसता ऐकू येतो. म्हणून आपण कोण आहोत ते सांगण्याचे ओझे मागच्यावर असते. माझा हेतू शुद्ध होता, हे खरे. पण तो फक्त मलाच ठाऊक होता, आणि अंधारात अशा हेतूचा पुढच्याला काडीचा उपयोग नसतो.

या भागातली भीती आजही जुनी झालेली नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारात कामावरून परतणाऱ्या एका कामगाराचा वाघाने बळी घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा वनविभागात सीटी-1 हा वाघ जेरबंद झाला, तेव्हा त्याच्या नावावर 13 माणसांचे मृत्यू नोंदलेले होते. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर मुली आज शाळेला जातात. त्या घोळक्याने जातात आणि मोठमोठ्याने बोलत जातात. त्यांना कोणी बेशिस्त म्हटले की मला तो विळा आठवतो.

आता मी निवृत्त आहे. पहाटे याच रस्त्यावर शहरातले हेल्मेटधारी स्वार हलक्या सायकलींवरून एकामागे एक जातात, कधी मीही त्यांच्या शेपटाला असतो. त्यांना चाकामागचे शास्त्र पाठ आहे. हात दाखवतात, आळीपाळीने पुढे येतात, आपसांतली रीत चोख. पण परवा शिकवणीला निघालेल्या दोन मुलींच्या मागे आमचा अख्खा जथा आवाज न करता येऊन टेकला. नव्या सायकली कुरकुरत नाहीत. शेवटच्या क्षणी चाहूल लागून एक मुलगी दचकली आणि तिची सायकल रस्त्याखाली उतरली. ती पडली नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, "आपण तर पुरेसे अंतर ठेवले होते."

अंतर ठेवले होते, हे खरेच. मी मागे वळलो, तिची सायकल रस्त्यावर घ्यायला हात लावला आणि म्हणालो, "चुकलं बाई, मागून येतो म्हणून सांगायला पाहिजे होतं." तिने मान हलवली. तेव्हापासून शेपटाला असूनही घंटी मीच वाजवतो, पुष्कळ आधीपासून, आणि जथ्यातल्या तरुणांना तो गोंगाट वाटतो.