वगळलेल्यांना परत घ्यावे का?



गायकवृंदातून किंवा एखाद्या मंडळातून दूर केलेला माणूस दोन-तीन वर्षांनी परत येऊ का म्हणून विचारतो, तेव्हा आम्हा स्वयंसेवकांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, प्रभूने क्षमा करायला सांगितले आहे, विषय संपला. दुसरा म्हणतो, ज्यांना त्याने दुखावले ते याच बाकावर बसतात, त्यांचे काय? दोघांचेही बोलणे खोटे नाही. ख्रिस्तसभेला हा वाद नवाही नाही.

इ. स. 250 मध्ये रोमन सम्राट डेसियसच्या हुकमाने प्रजेला देवतांपुढे बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा लागे. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी बळी न देता पैसे चारून नुसता दाखला मिळवला (हा प्रकार आपल्याकडे समजावून सांगायला नको). ज्यांनी नकार दिला ते तुरुंगात गेले, काही तिथेच मेले. छळ ओसरल्यावर पडलेले परत येऊ लागले. काहींच्या हातात तुरुंगातल्या साक्षीदारांनी दिलेल्या शिफारशीच्या चिठ्ठ्या होत्या.

रोममध्ये नोव्हेशन म्हणत होता, अशांना परत घेताच येणार नाही. कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी चिठ्ठी दाखवली की आत, हेही मानले नाही आणि दार कायमचे बंद, हेही मानले नाही. ते स्वतः छळाच्या काळात लपून राहिले होते. त्यावरून त्यांना बोलणी खावी लागली होती. 251 च्या परिषदेत ठरले की प्रत्येकाचे प्रकरण वेगळे पाहावे. नुसता दाखला घेतलेल्यांना आत घ्यावे. बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्त करीत राहावे, मरणघडी आली तर मात्र त्यांना नाकारू नये. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसू लागली तेव्हा प्रायश्चित्त करणाऱ्या सगळ्यांनाच घेतले. लढाईला निघालेल्यांना निःशस्त्र कसे पाठवायचे, असा त्यामागचा विचार होता.

पण दाखला घेतलेले स्पेनमधले दोन बिशप आपले पद परत मागू लागले, तेव्हा त्याच सिप्रियन यांनी नाही म्हटले. प्रभूच्या मेजावर परत येणे वेगळे, पदावर परत येणे वेगळे. आम्हाला हा भेद फार मोलाचा वाटतो. पैशांत गफलत केलेल्याने वेदीपाशी जरूर यावे, दानपेटीची किल्ली त्याला देऊ नये. मुलांना ज्याच्यापासून धोका होता, त्याने कितीही अश्रू ढाळले तरी धर्मशिक्षणाचा वर्ग त्याच्याकडे जाता कामा नये.

मात्र पद द्यायचे नाही असे ठरले की बहुतेक वेळा त्या माणसाकडे जाणेच थांबते.

त्याच छळात अलेक्झांड्रियातला सेरापियन नावाचा म्हातारा बळी देऊन बसला. आधीचे सगळे आयुष्य निर्दोष गेलेले. नंतर त्याने किती विनवण्या केल्या, पण कोणी दाद दिली नाही. मरणपंथाला लागून तो तीन दिवस बेशुद्ध होता. चौथ्या दिवशी थोडी शुद्ध येताच त्याने नातवाला धर्मगुरूंकडे पाठवले. रात्र होती आणि धर्मगुरू स्वतः आजारी. पण मरणाऱ्याने मागितल्यास त्याला क्षमा द्यावी, असा बिशप डायोनिसियस यांचा आदेश होता. धर्मगुरूंनी ख्रिस्तशरीराचा छोटा तुकडा मुलाच्या हाती दिला आणि तो भिजवून आजोबांच्या तोंडात थेंब थेंब सोडायला सांगितले. मुलगा घरी पोहोचेपर्यंत म्हातारा त्याची वाट पाहत जिवंत होता.