बारशाआधीचे वादळ

अरबी समुद्राच्या काठी राहणाऱ्या माणसाला वर्षातून दोनदा पश्चिमेकडे जरा अधिक वेळ बघावे लागते. एकदा वैशाखाच्या अखेरीस, पाऊस दाराशी आलेला असताना, आणि पुन्हा दिवाळीच्या आगेमागे, तो परत गेल्यावर. या दोन्ही वेळी समुद्र तापलेला असतो आणि आकाशाच्या वरच्या व खालच्या थरांतल्या वाऱ्यांत फारशी ओढाताण नसते. ऐन पावसाळ्यात ही ओढाताण एवढी असते की वादळाचा मनोरा नीट उभा राहण्याआधीच कलतो. गोव्यातले आम्ही पाच जण या दोन हंगामांचे बिनपगारी चाकर आहोत. हवामानशास्त्र आमच्यापैकी कोणीच शिकलेले नाही. एक निवृत्त शाळामास्तर, एक बँकेतला, एक बंदरात हिशेब लिहिणारा, एक औषधविक्रेता आणि एक महाविद्यालयात जाणारा मुलगा. काणकोणपासून पेडण्यापर्यंत आमची घरे विखुरलेली. प्रत्येक घरात भिंतीवर एक दाबमापक आणि त्याखाली एक वही.

हौशी माणसांनी या विषयात लुडबूड करू नये, असे म्हणणारे आम्हांला भेटतात. त्यांना आम्ही हेन्री पिडिंग्टनचे नाव सांगतो. ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला तो या कलकत्त्यातल्या गृहस्थाने, आणि हवामान पाहणे हा काही त्याचा चाकरीचा व्यवसाय नव्हता. गलबतांच्या रोजनाम्यांतून वाऱ्यांच्या नोंदी गोळा करून त्याने बंगालच्या उपसागरातली वादळे कागदावर उभी केली आणि १८४८ साली खलाशांसाठी त्यावर एक पुस्तकही लिहिले. आमच्या वह्यांची योग्यता तेवढी नाही, पण जातकुळी तीच.

दाबमापकाची गंमत अशी की नवख्याला ते रोज दुपारी घाबरवते. आपल्या उष्ण कटिबंधात हवेलाही भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या सुमारास दाब चढतो, दुपारी चारला उतरतो. रात्री दहाला पुन्हा चढतो, पहाटे चारला पुन्हा उतरतो. हा उतार तीनेक हेक्टोपास्कलचा असतो आणि त्याचा वादळाशी काडीचा संबंध नसतो. म्हणून आजच्या चारची तुलना आजच्या दहाशी करायची नाही, कालच्या चारशी करायची. एवढे एक पथ्य पाळले तरी निम्मी वादळे घरातल्या घरात शमतात.

दुसरा आधार वाऱ्याचा. बायस बॅलट या डच शास्त्रज्ञाने १८५७ साली मांडलेला नियम कुठल्याही उपकरणावाचून वापरता येतो : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढच्या बाजूस असतो. मे महिन्यात दुपारी किनाऱ्यावर खारे वारे यायलाच हवेत. ते न येता जमिनीवरून पूर्वेचा वा आग्नेयेचा वारा सुटला, तर नैर्ऋत्येला समुद्रात काहीतरी शिजते आहे असे समजावे. ‘तौक्ते’च्या वेळी, १५ आणि १६ मे २०२१ रोजी, कोविडच्या संचारबंदीमुळे आम्ही किनाऱ्यावर जाऊ शकत नव्हतो; गच्चीवरून वारा पाहायचा आणि दूरध्वनीवर एकमेकांना सांगायचा. आग्नेयेचा वारा दक्षिणेचा झाला तो आधी काणकोणात, मग पणजीत, मग पेडण्यात. पाच वह्यांत ते वादळ उत्तरेकडे चालत गेलेले दिसते. पुढे वीज गेली, झाडे पडली, आणि १७ तारखेच्या रात्री ते सौराष्ट्रात दीव-उन्याजवळ जमिनीवर चढले.

परंतु येऊन गेलेल्या वादळाबद्दल बोलणे सोपे. अवघड असते ते अजून न जन्मलेल्याबद्दल.

मे २०२५ मध्ये कर्नाटकाच्या किनाऱ्याबाहेर हवेत एक भोवरा दिसू लागला आणि २२ तारखेला दक्षिण कोकण-गोव्यासमोर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. त्याआधीच बातम्यांतून त्याचे बारसे उरकले होते : ‘शक्ती’. वास्तविक आपल्या समुद्रांत नाव मिळते ते वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेल्यानंतर, आणि ते देण्याचा अधिकार भारतीय हवामान विभागाचा. पण एवढा धीर कोणाला? आमच्यातला मुलगाही संगणकाच्या भाकितांचे नकाशे घेऊन बसला होता. सुरुवातीची स्थिती जराजरा बदलून तेच गणित अनेकदा करतात आणि निघालेले मार्ग एकाच नकाशावर काढतात. केरसुणी उलगडल्यासारखे ते दिसतात. त्या केरसुणीच्या काही काड्या उत्तरेकडे समुद्रातून जात होत्या, काही सरळ कोकणात शिरत होत्या. समुद्रात राहिले तर ते वाढणार, लवकर जमिनीवर आले तर खुंटणार. मुलाचे म्हणणे, “हे चक्रीवादळ होणार, आपण जेटीवर सांगून टाकू.”

त्या रात्री आमच्यात बरीच वादावादी झाली. १ जूनपासून मासेमारीची बंदी लागते. मेचा शेवटचा आठवडा म्हणजे हंगामातली अखेरची कमाई. ओडिशा-झारखंडाहून आलेले खलाशी त्यानंतरच गावी निघतात. “वादळ येतलें काय, मास्तर?” असे ट्रॉलरवाला विचारतो तेव्हा त्याला शास्त्र नको असते, जावे की न जावे एवढेच हवे असते. उगाच अडवले तर एक फेरी बुडते, आणि पुढच्या वेळी तो आपले ऐकत नाही. दुसऱ्या बाजूला २०१७चे ‘ओखी’ होते. ३० नोव्हेंबरला त्याचे चक्रीवादळ झाले तेव्हा केरळ-तमिळनाडूतल्या किती होड्या आधीच खोल समुद्रात गेलेल्या होत्या! शेकडो माणसे परतली नाहीत. शेवटी ठरले ते मास्तरांचे : दाब किती उतरला आणि वारा कुठून आहे, हे आपण पाहिले ते सांगायचे; पुढचे भाकीत मात्र हवामान विभागाचेच. समुद्रात जाऊ नका, अशी विभागाची सूचना त्या दिवसांत होतीच. तीच आम्ही जेटीवर वाचून दाखवली, एकही विशेषण न जोडता.

२४ तारखेला दुपारी ते रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर आले. नुसते ‘डिप्रेशन’, नावाच्या पायरीपर्यंत ते पोहोचलेच नाही. पाऊस मात्र गोव्यात धो धो कोसळला. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात दाखल झाला, २००९ नंतर इतक्या लवकर प्रथमच, आणि दुसऱ्या दिवशी गोव्यात. मुलगा दिवसभर खट्टू होता. त्याला कोणी काही बोलले नाही, कारण नकाशावरचा ढगांचा गोळा आवळत आला की आपल्या सर्वांच्याच मनात ‘होऊ दे, पुरते वादळ होऊ दे’ असे काहीतरी उसळते. वैद्याला दुर्मीळ रोग पाहून होतो त्या जातीचा हा आनंद आहे. त्याला घरात ठेवावे, जेटीवर नेऊ नये.

खरे ‘शक्ती’ आले ते ३ ऑक्टोबर २०२५ रोजी, गुजरातच्या किनाऱ्याबाहेर. श्रीलंकेने सुचवलेले ते नाव त्याला रीतसर मिळाले. तीव्र चक्रीवादळ होऊन, कुठलाही किनारा न गाठता ते समुद्रातच विरले. आमच्या वह्यांत त्याचा मागमूस नाही. विभागाची सूचना आम्ही तेव्हाही जेटीवर नेली. जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या खारव्याने नाव ऐकून मान वर केली आणि म्हणाला, “शक्ती मे म्हयन्यांतूच येवन गेल्लें न्हय, मास्तर?”